प्रतिपिंड, पेशीविभाजन आणि श्रावकाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मांजरसुंबा येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या मांजरसुंब्याच्या चौकात चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. उत्तरेस बीड आणि पुढे छत्रपती संभाजीनगर, दक्षिणेस चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूर, पश्चिमेस पाटोदा-जामखेडमार्गे अहिल्यानगर, पूर्वेस केज-अंबाजोगाई. घरात मोठे दुखणे आले की याच चौकातून रुग्णाची फाईल काखोटीला मारून नातेवाईक निघतात. कर्करोगाची शंका असेल तर कोणी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात जातो, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात, कोणी संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, तर कोणी थेट मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये. परतताना त्या फाईलमध्ये एक कागद वाढलेला असतो आणि त्या कागदावर अनेकदा एक ओळ असते : केआय-६७, पस्तीस टक्के. किंवा दहा टक्के. किंवा साठ. ओळ वाचणाऱ्याला एवढेच विचारावेसे वाटते की हे चांगले की वाईट. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ती एक ओळ आहे. ती कशी मिळते, कोणत्या द्रव्यामुळे मिळते, आणि ते द्रव्य कोणत्या जिवाच्या शरीरातून आलेले असते, हा तिसरा प्रश्न श्रावकाच्या घरात सहसा विचारला जात नाही, म्हणून त्यावर अधिक वेळ दिला आहे.

मनुष्यशरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. त्यांतील काही सतत विभागत असतात, जसे त्वचेच्या तळाच्या, आतड्याच्या अस्तराच्या किंवा अस्थिमज्जेतील पेशी. बऱ्याच पेशी मात्र आपापले काम करीत विश्रांत अवस्थेत राहतात. कर्करोग म्हणजे विभाजनावरचा लगाम सुटणे. म्हणून गाठीचा तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांना एक गोष्ट मोजून हवी असते : या गाठीतील शंभर पेशींपैकी किती पेशी या घटकेला विभाजनाच्या वाटेवर आहेत? पेशीकडे नुसते पाहून हे पुरते कळत नाही. प्रत्यक्ष दुभंगत असलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येते, परंतु दुभंगण्याची तयारी करणारी पेशी विश्रांत पेशीसारखीच दिसते.

हा भेद दाखवणारे प्रथिन १९८३ साली सापडले. जर्मनीतील कील येथे योहान्स गेर्डेस आणि त्यांचे सहकारी हॉजकिन या लसीकाग्रंथींच्या कर्करोगावर काम करीत होते. त्या रोगाच्या पेशींची केंद्रके त्यांनी उंदरांना टोचली आणि उंदरांच्या शरीराने त्यांविरुद्ध जी प्रतिपिंडे तयार केली, त्यांतून एकेक निवडून पाहिले. त्यांतील एक प्रतिपिंड केवळ विभाजनचक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकालाच चिकटत होते, विश्रांत पेशीला मुळीच नाही. ज्या तबकडीत हे प्रयोग चालले होते, तिच्या ६७ व्या खाचेत ते मिळाले. कील शहराचे 'केआय' आणि खाचेचा आकडा ६७, असे नाव पडले. जगभर हजारो रुग्णांच्या कागदांवर छापले जाणारे हे नाव मुळात गोदामातल्या फळीवरच्या नंबरासारखेच आहे. पुढे ज्या प्रथिनाला ते चिकटते, त्या प्रथिनालाही तेच नाव मिळाले.

हे प्रथिन पेशीत काय करते, हे कळायला आणखी तेहतीस वर्षे लागली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की विभाजनाच्या वेळी हे प्रथिन गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर पसरते आणि त्यांना एकमेकांस चिकटू देत नाही, साबणाच्या पाण्याने तेलाचे थेंब वेगळे ठेवावेत तसे. गंमत अशी, की हे प्रथिन नसले तरी पेशी विभागू शकते. म्हणजे ते विभाजनाचे कारण नाही, खूण आहे. परंतु खूण विश्वासार्ह असल्याने डॉक्टरांना तेवढे पुरते.

इथे 'प्रतिपिंड' हा शब्द उलगडणे इष्ट होईल. करोनाच्या काळात 'अँटिबॉडी' हा शब्द घरोघरी पोचला. शरीरात परका पदार्थ शिरला की रक्तातील विशिष्ट पेशी त्या पदार्थाला नेमके बसेल असे एक प्रथिन तयार करतात, कुलपाला किल्ली बसावी तसे. तेच प्रतिपिंड. ते परक्या पदार्थाला पकडते. शास्त्रज्ञांनी या गुणाचा उलटा उपयोग केला : ज्या वस्तूचा शोध घ्यायचा, तिच्याविरुद्धचे प्रतिपिंड एखाद्या प्राण्याकडून तयार करून घ्यायचे, आणि मग ते प्रतिपिंड हेर म्हणून वापरायचे. रुग्णाच्या शरीरात ते जात नाही. शरीरातून काढलेल्या तुकड्यावर ते सोडले जाते.

ते कसे सोडतात, हे कापडाच्या व्यवहारातील मंडळींना चटकन उमगेल, कारण ते रंगकामच आहे. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवतात आणि त्याच्या तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तलमातल्या तलम मलमलीचा एक धागाही या चकतीपुढे दोरखंड वाटावा. चकती काचपट्टीवर चिकटवतात, मेण विरघळवतात, मग तिच्यावर केआय-६७ चे प्रतिपिंड सोडतात. जिथे ते प्रथिन असेल तिथे ते चिकटून बसते, उरलेले धुऊन जाते. मात्र प्रतिपिंडाला स्वतःचा रंग नसतो. म्हणून त्याला पकडणारे दुसरे प्रतिपिंड सोडावे लागते आणि त्याच्या शेपटाला असा पदार्थ जोडलेला असतो की वरून रसायन घातल्यावर तपकिरी रंग उमटतो. उरलेल्या केंद्रकांना निळा रंग देतात. हा निळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा, मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडातून निघणारा. त्याच लाकडाने युरोपात शतकानुशतके कापड काळे-निळे रंगवले जाई. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात : निळे किती, तपकिरी किती. पस्तीस टक्के म्हणजे शंभरांत पस्तीस तपकिरी.

कीलचे पहिले प्रतिपिंड फक्त ताज्या, गोठवलेल्या तुकड्यावर चालत असे. ते तसेच राहिले असते तर बीडसारख्या जिल्ह्याला त्याचा उपयोग शून्य होता. बर्फात ठेवलेला तुकडा मुंबईला कोण आणि कसा नेणार? १९९२ साली एमआयबी-१ नावाचे नवे प्रतिपिंड आले, ते मेणातल्या तुकड्यावरही चालते. मेणाचा ठोकळा खिशात घालून एसटीने नेता येतो आणि वर्षानुवर्षे कपाटात टिकतो. आज इथला रुग्ण न हलता त्याचा ठोकळा तेवढा मुंबईला जातो, त्यामागे हे आहे.

या टक्केवारीवर काय ठरते? आतडे, स्वादुपिंड वगैरे अवयवांत होणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठींची प्रतवारी जागतिक आरोग्य संघटनेने या आकड्याशी जोडली आहे : तीन टक्क्यांहून कमी असेल तर पहिली प्रत, तीन ते वीस दुसरी, वीसच्या पुढे त्याहून गंभीर. स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपी द्यावी की नुसत्या संप्रेरकांच्या गोळ्यांवर भागेल, हे ठरवताना तो पाहिला जातो. परंतु २०२१ साली या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेच सांगितले की पाच टक्के किंवा त्याहून कमी, आणि तीस टक्के किंवा त्याहून जास्त, या दोन टोकांवरच तो आकडा भरवशाचा धरावा. मधल्या पट्ट्यात एका प्रयोगशाळेचे पंधरा दुसऱ्या प्रयोगशाळेत बावीस होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अॅबेमासिक्लिब हे औषध ज्या रुग्णांचा आकडा वीस किंवा अधिक आहे त्यांनाच मंजूर केले, आणि मार्च २०२३ मध्ये ती अट काढून टाकली. तात्पर्य एवढेच, की एकट्या या ओळीवरून घरात रडारड करू नये आणि निर्धास्तही होऊ नये. डॉक्टर ती इतर दहा गोष्टींबरोबर वाचतात.

बार्शीचा उल्लेख वर आला. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत १९८७ पासून कर्करोगाची गावनिहाय नोंद ठेवली जाते. ग्रामीण भारतातील ती पहिली नोंदणी. तिथूनच धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकच तपासणी केली तर त्या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे त्यातून २००९ साली जगापुढे आले. त्याच रोगात आता केआय-६७ ला एक जोडीदार मिळाला आहे. पी-१६ हे विभाजनाला लगाम घालणारे प्रथिन. निरोगी पेशीत लगाम आणि धाव एकाच वेळी दिसत नाहीत. एकाच पेशीत दोन्ही रंग उमटले तर विषाणूने यंत्रणा बिघडवली आहे असे समजावे. ही दुहेरी तपासणीही प्रतिपिंडांवरच चालते. डोंगरापलीकडच्या बायाबापड्यांनी ज्या रोगाचे ज्ञान जगाला दिले, त्याची पुढची पायरी अशी या विषयाशी येऊन मिळते.

आता मूळ प्रश्न. हे द्रव्य येते कुठून?

मराठवाड्यातील शेतकऱ्याला प्रतिपिंडाची ओळख नवी नाही. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावल्यावर सरकारी दवाखान्यात जी लस टोचतात, ती म्हणजे घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडेच होत. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेने हे काम महाराष्ट्रात रुजवले. घोड्याला विषाचे अल्प प्रमाण टोचून हळूहळू वाढवत नेतात आणि मग त्याचे रक्त काढून त्यातील द्रव शुद्ध करतात. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्ममधील निवृत्त घोडे हाफकिनला जात आणि त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना आकाराला आली, हे सर्वश्रुत आहे. घोडा सहसा जिवंत राहतो. त्याला क्लेश होतात, परंतु सापाने दंश केलेला गडी वाचतो, हा व्यवहार डोळ्यांना दिसतो.

प्रयोगशाळेतील प्रतिपिंडाचा व्यवहार डोळ्यांना दिसत नाही. १९७५ साली केंब्रिज येथे ज्यॉर्ज कोलर आणि सेसार मिलस्टाइन यांनी पद्धत शोधली, तिच्याबद्दल १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हवे ते प्रथिन उंदराला पुन्हा पुन्हा टोचतात. मग उंदीर मारून त्याची प्लीहा काढतात. प्लीहेतील प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि उंदराचीच एक न मरणारी कर्करोगी पेशी यांचा संयोग करतात. जी संकरित पेशी तयार होते, ती वर्षानुवर्षे एकच प्रतिपिंड बनवत राहते. एमआयबी-१ ची पेशी १९९२ पासून तशीच चालू आहे.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. ही संकरित पेशी काचेच्या पात्रात वाढवता येते. अशा वेळी मूळचा उंदीर एकदाच मेला, पुढच्या लाखो तपासण्यांसाठी नवा उंदीर लागत नाही. परंतु स्वस्तात आणि भरपूर माल मिळावा म्हणून दुसरी रीतही दीर्घकाळ चालली : ती पेशी जिवंत उंदराच्या पोटात सोडायची, पोट फुगून द्रव साचला की सुईने तो काढायचा. युरोपातील अनेक देशांनी या रीतीवर बंदी घातली, इतरत्र ती पूर्ण थांबली असे म्हणता येत नाही. याशिवाय सशांपासून प्रतिपिंडे काढतात. दुसरे, रंग उमटवणारे प्रतिपिंड पुष्कळदा शेळीचे असते. आणि पात्रात वाढणाऱ्या पेशींना जे खाद्य लागते, त्यात बहुधा वासराच्या गर्भातील रक्तद्रव असतो. गाभण गाय कत्तलखान्यात मारल्यानंतर तिच्या पोटातील वासराच्या हृदयातून तो काढतात. हे ऐकताना त्रास होतो. पण एका काचपट्टीवर उंदीर, शेळी आणि वासरू अशी तिघांची नावे असू शकतात आणि फाईलमधल्या त्या एका ओळीत त्यांतले एकही छापलेले नसते.

जैन दर्शनात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने त्रस जीवांची संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य करावी आणि बाकीच्या तिन्हींना मर्यादा घालावी, ही अणुव्रताची शिकवण पाठशाळेतील मुलांनाही पाठ असते. रुग्णाने जीव वाचवण्यासाठी तपासणी करून घेणे हे संकल्पी हिंसेत मोडत नाही. उंदीर मारावा हा त्याचा हेतू नसतो. म्हणून कोणी धर्माचे नाव पुढे करून घरातील स्त्रीची तपासणी अडवू नये. अशाने दुसरी हिंसा घडते, आणि ती पंचेंद्रिय मनुष्याची. साधनेच्या अंगाने संलेखना घेणारा जीव वेगळा आणि बेचाळिसाव्या वर्षी गाठ घेऊन आलेली दोन लेकरांची आई वेगळी.

तथापि इथेच थांबले तर विचार अर्धा राहतो. हिंसा केलेली, करविलेली आणि अनुमोदिलेली अशी तीन प्रकारची असते. मारणारा हात परदेशातील कंपनीचा, विकणारा मुंबईचा, वापरणारी प्रयोगशाळा पुण्याची आणि पैसे देणारा श्रावक मांजरसुंब्याचा. या साखळीत शेवटचा माणूस 'हे माझे नव्हे' असे म्हणू लागला, तर व्यापाराची रीत जाणणाऱ्याला ते पटणार नाही. मागणी असते म्हणून माल येतो. शिवाय तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेपर्वाईला, पहिले स्थान दिले आहे. माहीत करून घेणे शक्य असताना माहीत न करून घेणे ही बेपर्वाईच होय. पंधरा कर्मादानांच्या यादीत प्रयोगशाळेतील उंदीर नाही, असण्याचे कारणही नव्हते. परंतु केशवाणिज्य का वर्ज्य ठरले, याचा विचार केला तर उंदराच्या पोटातील द्रवाचा व्यापार त्यापासून फार लांब आहे असे वाटत नाही. अर्थात, हा विचार मांडताना समाजातील कापड पेढ्यांनी आपल्या फळीवरील पैठणी आणि शालूंकडेही पाहावे. ते रेशीम कोश उकळूनच निघालेले असते आणि तिथे कोणाचा जीव वाचत नाही.

साधनांची चौकशी करणे हे विज्ञानाच्या आड येणे नव्हे, याला महाराष्ट्रात जुना दाखला आहे. १८९७ च्या प्लेगात वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा अर्क लागे. लोकांच्या धर्मभावना ध्यानात घेऊन त्यांनी गाय आणि डुक्कर टाळून शेळीच्या मांसाचा अर्क वापरला, वर तुपाचे थेंब तरंगवले. अहिंसेच्या दृष्टीने शेळीचा जीव कमी मोलाचा नाही, त्यामुळे हा काही आदर्श म्हणता येणार नाही. परंतु घेणाऱ्यांनी प्रश्न विचारले तर बनवणारा कृती बदलतो, एवढे त्यातून दिसते.

जनावरांऐवजी काचपात्रातील पेशींवर काम करण्याचे तंत्र मुंबईत आणणाऱ्यांत एका मराठी स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगावर संशोधन केले, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे शिक्षण घेतले आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या स्वतःच्या संशोधनात उंदीर होतेच, हे लपवण्याचे कारण नाही. पण पात्रात पेशी वाढवता आल्या नसत्या तर पुढचे काहीच शक्य झाले नसते.

आता एका अशा गोष्टीकडे वळावे, जी व्यापारी मनाला विशेष लागेल. संशोधनासाठी विकली जाणारी ही प्रतिपिंडे शंभर मायक्रोलिटरच्या, म्हणजे मिलिलिटरच्या दहाव्या भागाच्या कुपीत येतात आणि किंमत हजारो रुपयांत असते. 'फक्त संशोधनासाठी' असे वर छापलेले असते. कुपी उघडून शास्त्रज्ञ तिच्यावर विश्वास ठेवतो, गाठोडे न सोडता छाप पाहून माल घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. २०१५ साली शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी 'नेचर' साप्ताहिकात एकत्रित निवेदन प्रसिद्ध केले की नेहमीच्या वापरातील सुमारे सहा हजार प्रतिपिंडांपैकी निम्म्याहून कमी आपापल्या प्रथिनालाच चिकटतात, बाकीची भलतीकडेही चिकटतात, आणि खोट्या मालापायी जगात दरवर्षी ऐंशी कोटी डॉलर वाया जातात असा अंदाज आहे. २०२३ साली ६५ प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे तपासली गेली. निम्म्याहून अधिक एका तरी चाचणीत नापास झाली. म्हणजे प्राणी गेला तो गेलाच, वर माल खोटा निघाला आणि त्यावर रचलेले संशोधनही डळमळीत. दुकानदारीत याला काय म्हणतात ते सांगण्याची गरज नाही.

या धंद्याची दुसरी बाजूही उघड झाली आहे. अमेरिकेतील सांताक्रूझ बायोटेक्नॉलॉजी ही संशोधन-प्रतिपिंडांची मोठी विक्रेती होती. शेळ्या आणि ससे यांच्या हेळसांडीच्या तक्रारींवरून तिथल्या कृषी खात्याने कारवाई केली. २०१६ साली झालेल्या तडजोडीत कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता ३५ लाख डॉलर दंड भरला आणि प्राणिविषयक परवाने सोडले.

२०२३ च्या त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती आशादायक आहे. रिकॉम्बिनंट म्हणून ओळखली जाणारी प्रतिपिंडे बाकीच्यांपेक्षा सरस ठरली. प्रतिपिंडाची जनुकीय संहिता एकदा अक्षरशः लिहून काढली की ती दुसऱ्या पेशीत घालून तेच प्रतिपिंड हवे तितके बनवता येते, आणि प्रत्येक कुपी आधीच्या कुपीसारखीच निघते. नमुना एकदा नीट लिहून ठेवला की कोणताही माग तेच वस्त्र विणेल, तसे. याच्या पुढची पायरी म्हणजे प्राण्याला मुळीच हात न लावणे. जॉर्ज स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले ते याच कामासाठी. जिवाणूंना ग्रासणाऱ्या सूक्ष्म विषाणूंच्या पृष्ठभागावर अब्जावधी निरनिराळी प्रतिपिंडे मांडायची आणि हवे ते प्रथिन समोर धरून जे चिकटेल ते उचलायचे. ही प्रतिपिंडे मानवी रक्तदात्यांच्या जनुकांवरून किंवा पूर्णतः कृत्रिमरीत्या बनवता येतात. संधिवातावरील अॅडालिमुमॅब हे २००२ साली मंजूर झालेले औषध असेच जन्मले. युरोपीय संघाच्या पर्यायी-चाचणी प्रयोगशाळेने मे २०२० मध्ये स्पष्ट शिफारस केली की प्रतिपिंडांसाठी यापुढे प्राणी वापरू नयेत. काही शास्त्रज्ञांनी त्याला हरकत घेतली, प्राण्यापासून मिळणारी गुणवत्ता प्रत्येक वेळी अशी मिळत नाही असे त्यांचे म्हणणे. हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि हिशेब करायचा तर तो पुरा करावा. या नव्या मार्गातही हिंसा शून्य नाही. मोठी प्रतिपिंडे बनवायला बहुतेकदा एका हॅम्स्टरच्या बीजांडातून १९५७ साली काढलेल्या पेशींचा वंश वापरतात. लहान तुकडे जिवाणूंत बनतात. ते एकेंद्रिय जीव, आणि चूल पेटवणाऱ्या गृहस्थाकडून त्यांची हिंसा रोज घडते. वासराच्या रक्तद्रवाशिवाय चालणारे खाद्य मात्र आता उपलब्ध आहे. पंचेंद्रियाकडून एकेंद्रियाकडे सरकणे यालाच परंपरेने विवेक म्हटले आहे.

भारतात यासाठी कायद्याचा आधारही आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील १९९८ चे नियम यांनुसार प्राण्यांवरील प्रयोगांसाठी केंद्रीय समितीची नोंदणी आणि प्रत्येक संस्थेत नीतिसमिती आवश्यक असते. मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांनाही मान्यता मिळाली. जगभरच्या अशा समित्या १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी सांगितलेली तीन तत्त्वे मानतात : प्राण्याला पर्याय शोधा, पर्याय नसेल तर संख्या घटवा, आणि उरलेल्यांचे क्लेश कमी करा. ज्यांनी त्याग, परिमाण आणि यतना हे शब्द ऐकत आयुष्य काढले, त्यांना यात परके काही वाटू नये.

जैन समाजाने गावोगावी दवाखाने उभे केले. अहिल्यानगरचे आनंदऋषीजी रुग्णालय तर पाटोदा-आष्टीकडच्या लोकांच्या रोजच्या परिचयाचे आहे. पुणे-मुंबईत निदान प्रयोगशाळा चालवणारे, रसायने आयात करणारे आणि औषधांची घाऊक विक्री करणारे जैनही थोडे नाहीत. प्रतिपिंडाच्या प्रत्येक कुपीबरोबर एक छापील पत्रक येते. त्यात 'होस्ट' या शब्दापुढे प्राण्याचे नाव असते : माउस, रॅबिट, गोट. त्याखाली क्लोनचे नाव असते, आणि द्रव पेशीसंवर्धनातून काढला की उंदराच्या उदरातून, हेही बहुधा लिहिलेले असते. उदरद्रवाला तिथे 'असायटिस' म्हणतात. रुग्णाच्या नातेवाइकाने त्या दिवशी हे विचारत बसू नये, त्याला दुसरी चिंता पुरेशी असते. तपासणीला एक दिवसाचाही विलंब होऊ नये. परंतु जो माल मागवतो त्याने, जो मोठी देणगी देतो त्याने आणि ज्या विश्वस्तांच्या सहीने तपासण्यांची बिले भागवली जातात त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना एकदा शांतपणे विचारावे : केआय-६७ साठी तुमच्याकडे कोणता क्लोन आहे, त्या पत्रकात 'असायटिस' हा शब्द आहे का, आणि रिकॉम्बिनंट घेतले तर बिलात किती फरक पडेल? तो फरक संस्थेच्या वैद्यकीय निधीतून देता येतो का, हा विषय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीसमोर ठेवण्यास हरकत नसावी.